पिगीचा चष्मा

विज्ञानकथा लिहायला सांगितली की वर्गातली अभ्यासू मुलेच आधी कचरतात. ‘बाई, शास्त्र चुकलं तर?’ हा त्यांचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर शोधताना एका गाजलेल्या कादंबरीतली चूक उपयोगी पडते.

विल्यम गोल्डिंग यांची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ १९५४ साली प्रसिद्ध झाली. गोल्डिंग त्या वेळी इंग्लंडमध्ये शाळामास्तर होते. निर्जन बेटावर अडकलेली मुले पिगी नावाच्या मुलाच्या चष्म्याने सूर्यकिरण एकवटून जाळ पेटवतात. पुढे ज्याच्या हाती चष्मा त्याच्या हाती अग्नी, अशी स्थिती येते. चष्म्याची चोरी होते आणि कथा शोकांताकडे वळते.

पण पिगीला निकटदृष्टिता आहे. त्याला लांबचे दिसत नाही. अशा दोषाला अंतर्गोल भिंग लागते आणि ते किरण एकवटत नाही, फाकवते. त्या चष्म्याने वाळलेले पानही पेटणार नाही.

ही चूक किती मोठी? बेटावरच्या एखाद्या झाडाचे नाव चुकले असते तर कथेचे काही बिघडले नसते. चष्मा मात्र कथेचा खांब आहे. म्हणून ही चूक बोचते. पिगीला तीव्र दूरदृष्टिता दिली असती, तर बहिर्गोल भिंग आले असते, जाळही पेटला असता आणि चष्म्याविना त्याचे हाल तसेच राहिले असते. एका शब्दाचा प्रश्न होता! तरीही माणसातल्या क्रौर्याविषयी कादंबरी जे सांगते ते खोटे ठरत नाही. गोल्डिंग यांना १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

लॅरी निव्हन यांच्या ‘रिंगवर्ल्ड’चा (१९७०) नायक आपला वाढदिवस लांबवण्यासाठी क्षणार्धात एका शहरातून दुसऱ्या शहरात जातो. त्यासाठी पश्चिमेकडे जायला हवे. पहिल्या आवृत्तीत तो पूर्वेकडे जातो! ही चूक पुढे दुरुस्त झाली. कथेतले ताऱ्याभोवतीचे प्रचंड कडे स्थिर राहणार नाही, हेही वाचकांनी दाखवून दिले. निव्हन यांनी त्या आक्षेपाचाच उपयोग करून पुढची कादंबरी लिहिली.

तेव्हा विद्यार्थ्यांना सांगावे: पहिला खर्डा बेधडक लिहा. मग ज्या वाक्यांवर कथा उभी आहे, तेवढीच अधोरेखित करा आणि ती पडताळून पाहा. पडताळा अनेकदा घरातच मिळतो. आजोबांचा वाचायचा चष्मा आणि लांबचे न दिसणाऱ्या मित्राचा चष्मा, दोन्ही उन्हात कागदासमोर धरून मागेपुढे करा. (सूर्याकडे मात्र पाहू नका.) एकाखाली प्रकाशाचा ठिपका लहान होत जाईल, दुसऱ्याखाली कधीच होणार नाही.

आणि आपण शिक्षकांनी? शास्त्राची चूक जरूर दाखवावी. पण लाल शाईची पहिली रेघ कथेतल्या चांगल्या वाक्याखाली ओढावी.