एका दिवसाचं मखर



आपल्या स्मरणिकेत नाटकांवर लिहिलं जातं, पुस्तकांवर लिहिलं जातं, क्वचित एखाद्या सिनेमावरही. टीव्हीवर मात्र सहसा कोणी लिहीत नाही. गंमत अशी की आपण सगळे सर्वात जास्त वेळ बघतो तो टीव्हीच! म्हणून यंदा एका वाहिनीच्या एका दिवसाबद्दल लिहितो आहे. वाहिनी चॅनेल फोर आणि दिवस शुक्रवार, १० सप्टेंबर २०२१.

तारीख ओळखीची वाटली ना? त्या वर्षीची ती गणेश चतुर्थी. हॅरो, वेम्बली, पिनरमधल्या मराठी घरांत मोदक, आरत्या आणि नैवेद्याची गडबड चालू असताना टीव्हीकडे कोण बघणार? त्यामुळे आपल्यापैकी अनेकांचा तो दिवस हुकला. मला मात्र तो बघण्यासारखा आणि त्यावर भांडण्यासारखाही वाटतो.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. मे २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला आणि त्याचे पडसाद ब्रिटनमध्येही उमटले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चॅनेल फोरने जाहीर केलं की आम्ही आमचा एक संपूर्ण दिवस कृष्णवर्णीय कलाकारांच्या हाती देणार. उपक्रमाचं नाव 'ब्लॅक टू फ्रंट'. सकाळच्या कार्यक्रमापासून रात्री उशिराच्या गप्पांपर्यंत सूत्रसंचालक, पाहुणे आणि नट सगळे कृष्णवर्णीय. पडद्यामागच्या मंडळींनाही जास्त संधी मिळावी हाही हेतू होता. कल्पना धाडसी होती, यात शंका नाही.

आता प्रत्यक्ष कार्यक्रमांकडे वळू. सकाळी 'द बिग ब्रेकफस्ट' परत आला. १९९२ ते २००२ या काळात गाजलेला हा धांगडधिंगा मो गिलिगन आणि एजे ओडुडू यांनी सादर केला. मला सकाळी सकाळी एवढा आरडाओरडा झेपत नाही, पण दोघांचं जमलं छान. रात्री 'हायलाइफ' ही नवी मालिका सुरू झाली. लंडनमधल्या पश्चिम आफ्रिकन वंशाच्या सुखवस्तू तरुण मंडळींचे व्यवसाय, त्यांची फॅशन आणि घरच्यांच्या अपेक्षा हा तिचा विषय. जरा जास्तच चकचकीत होती, पण आफ्रिका म्हणजे दुष्काळ आणि दानपेटी या चित्राला छेद देणारी. शिवाय घरच्यांच्या अपेक्षा हा विषय आपल्याला काही परका नाही!

माझ्या मते दिवसातली सर्वात चांगली गोष्ट दुपारी घडली, आणि तीही अगदी शांतपणे. 'काउंटडाउन' हा अक्षरांचा आणि आकड्यांचा खेळ आपल्या घरातल्या आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतो. २ नोव्हेंबर १९८२ रोजी चॅनेल फोर सुरू झालं तेव्हा पहिला कार्यक्रम हाच होता. त्या शुक्रवारी अ‍ॅन रॉबिन्सन यांच्या खुर्चीत सर ट्रेव्हर मॅक्डोनल्ड बसले. त्रिनिदादमध्ये जन्मलेले हे गृहस्थ १९७३ साली आयटीएनचे पहिले कृष्णवर्णीय वार्ताहर झाले आणि पुढे वर्षानुवर्षं या देशाने रात्रीच्या बातम्या त्यांच्या तोंडून ऐकल्या. खेळ नेहमीचा, घड्याळ नेहमीचं, फक्त खुर्चीतला माणूस वेगळा. आणि तो तिथे इतका शोभला की ही खुर्ची त्यांना आधीच का मिळाली नाही, असा प्रश्न पडावा.

तीच गोष्ट 'हॉलीओक्स'ची. या रोजच्या मालिकेचा तासाभराचा भाग संपूर्ण कृष्णवर्णीय नटसंचात झाला. एरवी जी पात्रं कडेला असतात, त्यांच्या घरात कॅमेरा नेला एवढंच. तेवढ्याने लक्षात आलं की या घरातही गोष्टी होत्या, आपल्याला त्या कोणी दाखवल्या नव्हत्या.

माझा मुद्दा इथेच आहे. आपल्याकडे 'मखरात बसवणं' असा शब्दप्रयोग आहे. मखरात बसवलेल्याला हार मिळतात, आरती मिळते, पण घरातले निर्णय त्याला विचारून होत नाहीत. पंगतीत बसलेल्याला मात्र इतरांसारखंच पान वाढलं जातं, त्याच्या नावाची आरती होत नाही आणि तशी गरजही नसते. 'ब्लॅक टू फ्रंट'चा दिवस जिथे मखर झाला तिथे तो आरास वाटला. जिथे पंगत झाला, तिथे तो खरा वाटला. घरचा गणपती दीड दिवसाचा तरी असतो, हा तर एकाच दिवसाचा पाहुणचार!

मी आयटीतला माणूस. आमच्याकडे डेमोच्या दिवशी सगळं सुरळीत चालतं, टाळ्याही पडतात. खरी परीक्षा सोमवारी, सिस्टिम लाइव्ह गेल्यावर. म्हणून या दिवसाचा हिशोब पुढच्या सोमवारांवर मांडायला हवा. काही गोष्टी टिकल्या. 'बिग ब्रेकफस्ट' त्याच जोडीसह २०२२ च्या उन्हाळ्यात काही आठवडे परत आला. २०२१ च्या अखेरीस रेचल रायली बाळंतपणाच्या रजेवर गेल्या तेव्हा 'काउंटडाउन'मधली गणितं सोडवायला डॉ. अ‍ॅन-मरी इमाफिडन आल्या. विशीत ऑक्सफर्डची गणित आणि संगणकशास्त्रातली मास्टर्स डिग्री मिळवलेली ही कृष्णवर्णीय बाई रोज दुपारी आकडेमोड करताना दिसू लागली, कुठल्याही खास दिवसाशिवाय. माझ्या लेखी तो संपूर्ण शुक्रवार एका पारड्यात आणि या साध्या दुपारी दुसऱ्या पारड्यात टाकल्या, तर दुसरं पारडं जड आहे.

आता तुम्ही म्हणाल, 'आपला असा दिवस कधी?' ज्या हॅरो बरोमध्ये २०२१ च्या जनगणनेत सुमारे ४५ टक्के लोकांनी आपली नोंद आशियाई अशी केली, तिथे हा प्रश्न साहजिकच आहे. पण मंडळी, आपला पाहुणचार होऊन गेला आहे, एकदा नव्हे तर अनेकदा! ऑक्टोबर १९६५ मध्ये बीबीसीने रविवार सकाळी 'अपना ही घर समझिये' सुरू केलं. नावातच पाहुण्याला म्हणायचं वाक्य! १९८२ साली चॅनेल फोरवर 'ब्लॅक ऑन ब्लॅक' आणि 'ईस्टर्न आय' हे दोन कार्यक्रम आलटूनपालटून लागायचे, एक आठवडा त्यांचा, एक आपला. २०१० च्या जानेवारीत याच वाहिनीने 'इंडियन विंटर' नावाने अख्खा हंगाम भारताला दिला. त्यात केव्हिन मॅक्लाउड धारावीत जाऊन राहिले, गॉर्डन रॅमसे भारतभर स्वयंपाकघरं हिंडले, आणि वाहिनीच्याच फिल्मफोरने पैसा घातलेला 'स्लमडॉग मिलियनेअर'ही दाखवला गेला. 'ब्लॅक टू फ्रंट'मध्ये निदान ज्यांचा दिवस तेच बोलत होते. आपल्या त्या हंगामात मुख्य वाटाडे मात्र बाहेरचे होते.

याउलट आपल्या शेजारच्या वेम्बलीत घडणारं 'द कुमार्स अ‍ॅट नंबर ४२' आठवा. २००१ पासून ते बघून आपण पोट धरून हसलो, पण विनोद आपल्या भारतीयपणावरच होता. त्याच संजीव भास्करना २०१५ पासून 'अनफरगॉटन'मध्ये बघा. सनी खान हा पोलीस अधिकारी जुने खून उलगडतो आणि त्याच्या आडनावाचं कोणाला विशेष वाटत नाही. मखरापासून पंगतीपर्यंतचा प्रवास तो हाच.

या विषयावर सर्वात नेमकं बोट ठेवणारा माणूस आपल्या मराठवाड्यात जन्मला, हे किती जणांना माहीत आहे? डॉ. समीर शहा यांचा जन्म १९५२ सालचा, औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा. १९६० साली ते इंग्लंडला आले आणि वर उल्लेख केलेल्या 'ईस्टर्न आय'वर त्यांनी काम केलं. २००८ साली रॉयल टेलिव्हिजन सोसायटीतल्या भाषणात त्यांनी मांडलं की पडद्यावरचे चेहरे वाढवून प्रश्न सुटत नाही, कारण निर्णय घेणारे लोक खुर्च्यांवर आपल्यासारख्यांनाच बसवत राहतात. मार्च २०२४ मध्ये हेच शहा बीबीसीचे अध्यक्ष झाले. एका माणसाने सगळं बदलत नाही, पण प्रश्न ज्याने विचारला त्याच्याकडेच उत्तराची जबाबदारी आली, हे चांगलंच झालं.

शेवटी थोडं आपल्या घरात डोकावू. वाहिनीला नावं ठेवणं सोपं आहे. पण स्थळं बघताना 'गोरी' हा शब्द आपल्या तोंडून अजून जातो का? मुलाच्या वर्गातला नायजेरियन मित्र वाढदिवसाला येतो, पण त्याच्या आई-वडिलांना आपण गणपतीच्या प्रसादाला बोलावतो का? आणि मराठीचं काय? २७ फेब्रुवारीला भाषा गौरव दिनी मुलं स्टेजवर सुंदर कविता म्हणतात, आपण व्हिडिओ काढतो आणि घरी जाताना गाडीत सगळे इंग्रजी बोलतो. तेही एका दिवसाचं मखरच!

चॅनेल फोरला त्या शुक्रवारसाठी माझे दहापैकी सात गुण. उरलेले तीन मी सोमवार ते गुरुवारसाठी राखून ठेवले आहेत. आपल्या घरात मराठीला आणि शेजाऱ्याला पंगतीत रोजचं पान मिळतं का, ते गुण मात्र ज्याचे त्याने द्यायचे.