माझा घर, माझे घर

१९९० च्या सोलापूर संमेलनापासून मुस्लिम मराठी साहित्याची चळवळ एक गोष्ट ठामपणे सांगत आली आहे : महाराष्ट्रातील मुसलमान उपरा नाही, तो याच मातीतला आहे. या दाव्यासाठी भाषेचा पुरावा वारंवार पुढे केला जातो. आमची मायबोली मराठी, म्हणून आम्ही इथले. कोकणातला मुसलमान असे म्हणतो तेव्हा ते खरेच असते. हमीद दलवाईंची 'इंधन' (१९६५) ज्या कोकणातली, तिथल्या मुस्लिम घरांत चुलीपाशीही मराठीचीच बोली चालते. पण अमरावती-अकोल्याकडे आलो की हा पुरावा लंगडा पडतो. इथल्या कितीतरी मुस्लिम घरांत उर्दू बोलतात. तीही लखनौची नव्हे, वऱ्हाडीच्या शेजारात वाढलेली. मग आम्ही इथले नाही काय?

वऱ्हाडचा इतिहास याचे उत्तर देतो. अचलपूर ही इमादशाहीची राजधानी. पुढे वऱ्हाड निजामाकडे होते, १८५३ मध्ये ते इंग्रजांच्या कारभाराखाली गेले, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले, १९५६ मध्ये मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. राज्ये बदलली, माणसे त्याच गल्लीत राहिली. संविधानाच्या पाचव्या कलमाने नागरिकत्व ठरवताना रहिवास आणि जन्म पाहिला, घरची भाषा विचारली नाही. आठव्या अनुसूचीत मराठी आणि उर्दू एकाच यादीत आहेत. तेव्हा आपलेपणासाठी मायबोलीचा दाखला जोडण्याची गरजच नाही. आपल्याच चळवळीने तो मागितला, तर वऱ्हाडातला मुसलमान दोनदा उपरा ठरतो.

आमची खरी तक्रार आमच्याच लेखकांविषयी आहे. वऱ्हाडातला मुस्लिम कथाकार मराठीत लिहू लागला की त्याच्या कथेतली अम्मी एकाएकी पाठ्यपुस्तकी मराठी बोलू लागते. रमजान, कंदुरी, निकाह सारे कथेत येते, फक्त घरातला आवाज येत नाही. उलट मराठी नाटक-सिनेमात मुस्लिम पात्र हसे पिकवण्यापुरते मोडके हिंदी बोलते. तिकडे थट्टा, इकडे संकोच. दोन्हीकडे आमचे घर गायब.

हा संकोच याच भूमीतल्या लेखनाने केव्हाच खोटा ठरवला आहे. उद्धव शेळके यांच्या 'धग'ने (१९६०) वऱ्हाडी बोली कादंबरीत मानाने बसवली. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ती समजेल का, या धास्तीने त्यांनी आपली माणसे गप्प केली नाहीत. अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांनी गझल मराठीत रुजवली. रदीफ, काफिया हे शब्द आज मराठी कवी परके मानत नाही. मराठीने उर्दूचा काव्यप्रकार घेतला. ती उर्दू बोलणाऱ्यांच्या घरातला संवादही घेईल. पण तो आधी आपण लिहायला हवा.

यावर कोणी म्हणेल, तुम्ही उर्दू शाळेचे मास्तर, तुम्ही मुलांना मराठीपासून दूर नेत आहात. तसे नाही. आमच्या मुलांना चांगली मराठी यायलाच हवी. तहसीलात अर्ज, दवाखान्यात विचारपूस, स्पर्धा परीक्षा, सगळीकडे तीच लागते. ती कच्ची राहिली की मूल मागे पडते, हे आम्ही रोज पाहतो. पण मराठी शिकणे वेगळे आणि त्यासाठी आपले घर लपवणे वेगळे.

मागे आमच्या वर्गात एका मुलाने निबंधात लिहिले, 'माझा घर लहान आहे.' उर्दूत नपुंसकलिंग नाही आणि घर पुल्लिंगी, म्हणून ही चूक. आम्ही लाल शाईने 'माझे' केले. मुलाने विचारले, "सर, घर तर आमचाच आहे ना?" वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण तो प्रश्न मनातून जात नाही. त्याच्या वाक्यात लिंग चुकले होते, घर चुकले नव्हते.

परीक्षेच्या वहीत आम्ही 'माझे' करत राहूच, ते आमचे काम आहे. पण उद्या तो कथा लिहील आणि त्यातली अम्मी भाजीवाल्या मावशीला म्हणेल, 'माझा घर इथंच हाय', तेव्हा संपादकांनी लाल शाई उचलू नये. त्या एका वाक्यात वऱ्हाड आहे, उर्दू आहे, मराठीही आहे.