घरबसल्या पाहिलेला उद्या

रिडली स्कॉटच्या ‘ब्लेड रनर’ची कथा घडते ती नोव्हेंबर 2019 मधल्या लॉस एंजेलिसमध्ये. चित्रपट आला 1982 साली. तो नोव्हेंबर खरोखर उजाडला तेव्हा जगभरच्या प्रेक्षकांनी हिशेब मांडला: काय खरं ठरलं, काय नाही. उडत्या मोटारी आल्या नाहीत, हुबेहूब माणसासारखे दिसणारे कृत्रिम मजूर आले नाहीत. व्हिडिओ कॉल मात्र आला. 2022 मध्ये ‘सॉयलेंट ग्रीन’ची (1973) अशीच परीक्षा झाली. आता 2027 आलं की पाळी ‘चिल्ड्रन ऑफ मेन’ची.

डिस्टोपियन, म्हणजे भयावह भविष्य रंगवणाऱ्या विज्ञानपटांबद्दल घरोघरी जी मतं ऐकू येतात, त्यांतलं हे सगळ्यात लाडकं: भाकीत चुकलं की बरोबर आलं. दुसरं, “फार स्लो आहे”. तिसरं, “यात नवीन काय, हे तर आत्ताच चाललंय”. जेवता जेवता दिलेले शेरे म्हणून समीक्षक ते सोडून देतात. तसं करून चालणार नाही, कारण या चित्रप्रकारातल्या कितीतरी कलाकृती थिएटरनं टाकल्या आणि घरानं सांभाळल्या.

‘ब्लेड रनर’चंच घ्या. स्पीलबर्गचा ‘ई.टी.’ 1982 च्या जूनमध्येच त्याच्या दोन आठवडे आधी लागलेला. प्रेमळ परग्रहवासीयाच्या ओढीनं थिएटरं भरत असताना पावसात भिजलेलं, अंधारलेलं हे शहर बघायला फारसं कुणी गेलं नाही. त्यात निर्मात्यांनी आग्रहानं हॅरिसन फोर्डचं निवेदन घुसवलेलं, आणि सुखान्त शेवटासाठी कुब्रिकच्या ‘द शायनिंग’मधली उरलेली हवाई दृश्यं जोडलेली. पुढची दहा वर्षं चित्रपट जगला तो व्हीएचएस कॅसेटवर आणि लेझर डिस्कवर. पुन्हा पुन्हा पाहणाऱ्यांनी त्याचा कानाकोपरा पाठ केला. 1990 मध्ये एक जुनी कच्ची प्रत एका थिएटरात चुकून दाखवली गेली, लोकांनी ती उचलून धरली, आणि 1992 मध्ये निवेदन व गोड शेवट काढलेली ‘डायरेक्टर्स कट’ आवृत्ती आली. 2007 च्या ‘फायनल कट’वर स्कॉटचा स्वतःचा पूर्ण ताबा होता. पडलेल्या चित्रपटाला हे भाग्य क्वचित लाभतं.

टेरी गिल्यमच्या ‘ब्राझील’ची (1985) गोष्ट याच्या उलट्या बाजूनं सुरू होते. इथं घरच्या पडद्यानं आधी घात केला. युनिव्हर्सल स्टुडिओला शेवट गोड हवा होता. गिल्यमनं ‘व्हरायटी’मध्ये पानभर जाहिरात देऊन स्टुडिओच्या प्रमुखाला जाहीर सवाल केला. त्याची मूळ आवृत्ती 142 मिनिटांची. स्टुडिओनं कापून सुखान्त केलेली 94 मिनिटांची आवृत्ती अमेरिकी टीव्हीवर दाखवली गेली. पुढे 1996 मध्ये क्रायटेरियन या डिस्क काढणाऱ्या कंपनीनं दोन्ही आवृत्त्या लेझर डिस्कच्या एकाच संचात काढल्या, आणि संपादनाच्या टेबलावर एखाद्या विचाराचा गळा कसा आवळला जातो हे घरात बसलेल्या माणसाला ताडून बघता आलं. अशी सोय कुठल्याच थिएटरनं कधी दिली नव्हती. ‘इडियॉक्रसी’ (2006) आणि ‘ड्रेड’ (2012) यांनाही त्यांचा खरा प्रेक्षक डिस्कवरच भेटला.

हे या चित्रपटांच्याच बाबतीत का घडावं? कारण डिस्टोपियाचा अर्धा मजकूर पार्श्वभूमीत असतो. नायक काय करतो यापेक्षा त्याच्या मागच्या भिंतीवर काय चिकटवलंय, रेडिओवर काय चाललंय, रांगेत कोण उभं आहे, हे जास्त बोलतं. ‘ब्राझील’मध्ये एक माशी छपाईयंत्रात पडते, छापल्या जाणाऱ्या नावात टटलचं बटल होतं आणि भलत्याच माणसाला पोलीस पोत्यात घालून नेतात. बायकोकडून रीतसर पावतीवर सही घेतली जाते. हे सगळं काही मिनिटांत घडतं. पहिल्या खेपेला हसू येतं. दुसऱ्यांदा पाहताना नजर त्या पावतीवर थांबते आणि पोटात गोळा येतो.

अल्फोन्सो क्वारोनच्या ‘चिल्ड्रन ऑफ मेन’नं (2006) ही पद्धत टोकाला नेली. सुरुवात लंडनमधल्या एका कॉफीच्या दुकानात. जगातल्या सगळ्यात तरुण माणसाच्या, जेमतेम 18 वर्षांच्या दिएगोच्या मृत्यूची बातमी टीव्हीवर चालू आहे. त्याच्यानंतर पृथ्वीवर मूलच जन्मलेलं नाही. गिऱ्हाईकं पडद्याकडे टक लावून उभी. नायक थिओ गर्दीत घुसून कॉफी घेतो, बाहेर येतो, फुटपाथवर कपात दारू ओतत असतो, आणि मागे ते दुकान स्फोटात उडतं. नंतर एका रेल्वे स्टेशनवर निर्वासितांना पिंजऱ्यात कोंडलेलं दिसतं. थिओ न बघता पुढे चालू लागतो. इमॅन्युएल लुबेझ्कीचा कॅमेरा मात्र त्याला सोडून पिंजऱ्याकडे वळतो. नायकाला जे दिसेनासं झालंय ते प्रेक्षकाला दाखवणारा हा कॅमेरा, हाच या चित्रपटाचा विवेक. थिओच्या म्हाताऱ्या मित्राच्या, जॅस्परच्या घरात जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं लावलेली आहेत. त्याची पत्रकार बायको हलत-बोलत का नाही याचं उत्तर त्या कात्रणांत आहे. संवादात ते येत नाही. थिएटरात ती कात्रणं नजरेसमोरून निघून जातात. घरी पॉज दाबून वाचता येतात. तिकीटबारीवर निर्मितीचा खर्चही भरून न काढणाऱ्या या चित्रपटाची गणना आज शतकातल्या उत्तम चित्रपटांत होते, त्यात या पॉजचा वाटा मोठा आहे.

योगायोग असा की घरच्या प्रेक्षकाचं नेमकं चित्र ‘ब्लेड रनर’नंच काढून ठेवलंय. त्याचा नायक डेकार्ड रात्री घरात, हाताशी दारूचा ग्लास घेऊन, एक फोटो यंत्रात घालतो आणि तोंडी हुकूम देत त्याचा एकेक कोपरा मोठा करत जातो. शेवटी आरशातल्या प्रतिबिंबात त्याला हवी ती बाई सापडते. हे चित्रपट असेच पाहायचे असतात.

अडचण आहे ती सध्याच्या पाहण्यात. नेटफ्लिक्सनं 2019 मध्ये वेग वाढवून पाहण्याच्या सोयीची चाचणी घेतली तेव्हा ब्रॅड बर्डसारख्या दिग्दर्शकांनी जाहीर नाराजी दाखवली. पुढच्या वर्षी ती सोय मोबाइलवर आलीच. हातात फोन, दहा सेकंद पुढे, दीडपट वेग. या सवयीनं तारकोव्हस्कीचा ‘स्टॉकर’ (1979) पाहायला घेतला तर तो “स्लो” वाटणारच. पण त्यात रुळांवरच्या ट्रॉलीतून तिघं ‘झोन’ नावाच्या निषिद्ध प्रदेशात शिरतात तेव्हा कितीतरी वेळ नुसते त्यांचे चेहरे आणि चाकांचा आवाज आहे. जुन्या जगातून बाहेर पडायला जो वेळ लागतो, तोच तिथं पडद्यावर आहे. तो कापला तर दृश्यच उरत नाही.

याहून काळजीची गोष्ट म्हणजे चित्रपटच या अर्धवट लक्षासाठी घडू लागलेत. ‘द इलेक्ट्रिक स्टेट’ (2025) हे ठळक उदाहरण. सायमन स्टॉलेनहागच्या सचित्र पुस्तकात रस्त्याकडेला पडलेली अजस्र, गंजकी यंत्रं आणि त्यांच्यापुढे एवढीशी दिसणारी एक मुलगी आहे; चित्रं बोलतात ती शांततेतून. सुमारे 32 कोटी डॉलर खर्चल्याचं सांगितल्या जाणाऱ्या चित्रपटानं त्या शांततेच्या जागी विनोदी यंत्रमानव आणि अखंड बडबड आणली. उलट स्पॅनिश ‘द प्लॅटफॉर्म’ (2019) बघा. एक उभा तुरुंग, वरून खाली सरकत येणारं जेवणाचं एकच टेबल, वरच्यांचं उष्टं खालच्यांना. मार्च 2020 मध्ये, दारं बंद करून बसलेल्या जगापुढे तो नेटफ्लिक्सवर आला. तेव्हा दुकानांतले रॅक रिकामे होत होते, त्यामुळे कथा कुणाला समजावून सांगावी लागली नाही.

म्हणून तिसरं मत, “हे तर आत्ताच चाललंय”, सगळ्यांत मोलाचं. 2014 च्या लष्करी उठावानंतर थायलंडमध्ये आणि 2021 मध्ये म्यानमारमध्ये निदर्शकांनी ‘द हंगर गेम्स’मधली तीन बोटं उंचावली, तेव्हा भाकिताचा प्रश्नच नव्हता. महाराष्ट्रात तर ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ (2015) वेगळाच दिसायला हवा. त्यातला हुकूमशहा इमॉर्टन जो उंच कड्यावरून क्षणभर पाणी सोडतो, खाली हजारो माणसं भांडी उंचावतात, आणि तो पाणी बंद करून वर उपदेश करतो. दुसऱ्याच वर्षी लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचं 144 कलम लागलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. त्या उन्हाळ्यात घागर घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला तो प्रसंग भविष्यातला कसा वाटेल?

‘लैला’ या 2019 च्या मालिकेनं पाण्याचं हेच सूत्र धरलं होतं. घरच्या तलावात पोहणाऱ्या कुटुंबावर पाणी उधळल्याच्या नावाखाली जमाव चालून येतो. खरा राग असतो तो आंतरधर्मीय लग्नावर. सुरुवात जबरदस्त आहे, पण पुढे सुटकेच्या धावपळीत तो धागा सैल पडतो. ‘कल्की 2898 एडी’मध्ये (2024) कोरडी पडलेली गंगा आणि काशीवर लटकणारा श्रीमंतांचा पिरॅमिड आहे. कल्पना थक्क करणारी. पण नायकाच्या एंट्र्या आणि हाणामाऱ्या यांतून काशीतल्या तहानलेल्या माणसाकडे बघायला कॅमेऱ्याला सवडच मिळत नाही.

मराठी पडदा इथं जवळपास कोरा आहे. साहित्यात तसं नाही. जयंत नारळीकरांच्या एका विज्ञानकथेत तर मुंबईवर बर्फ पडतो. पैसे नाहीत, ही सबब या चित्रप्रकारात टिकत नाही. ख्रिस मार्करचा ‘ला जेते’ (1962) 28 मिनिटांचा, जवळजवळ सगळाच स्थिर छायाचित्रांचा. पुढे हॉलिवूडनं त्यावरून ‘ट्वेल्व्ह मंकीज’ (1995) काढला. गोदारनं ‘अल्फाव्हिल’साठी (1965) एकही सेट उभारला नाही, त्या काळचं पॅरिसच रात्री चित्रित केलं. बीकेसीतल्या काचेच्या इमारती, हिंजवडीतले बंद फाटकांमागचे टॉवर आणि त्यांच्या दारात उभे पाण्याचे टँकर आजही तसेच चित्रित करता येतील. एका चांगल्या छायाचित्रकाराची आणि एका निर्भीड पटकथेची गरज आहे.