पडणं हीच आज्ञा

'बस' म्हटल्यावर कुत्रा बसला की आपण खूश. पंजा दे, बिस्कीट घे. या सगळ्यात एक गोष्ट आपण धरूनच चालतो : हुकूम सोडणारा माणूस शुद्धीवर आहे. अपस्मार असलेल्या मुलांसाठी अमेरिकेत जे कुत्रे तयार करतात, त्यांचं कसब नेमकं इथून वेगळं होतं. समजा, पंधरा वर्षांची मुलगी अभ्यास करता करता खुर्चीवरून कोसळली. अंग ताठलं, हातपाय झटकू लागले. आता 'जा, आईला बोलाव' म्हणणार कोण? तिचं पडणं हाच शब्द, आणि तो कुत्र्याला कळायला हवा.

तो कसा कळतो, हे पाहण्यासारखं आहे. आधी प्रशिक्षक तोंडाने सांगतो, मग तेच सांगता सांगता स्वतः जमिनीवर पडून फिट आल्याचं सोंग करतो. दिवसागणिक आवाज उतरत जातो, पुटपुटण्यावर येतो, आणि एके दिवशी नुसतं सोंग उरतं. आईला बोलवायला घंटेचं बटण दाबायचं शिक्षण तर याहून नाजूक. पहिल्यांदा तळहाताला नाक लावायचं, मग प्लास्टिकच्या एका झाकणाला. ते झाकण भिंतीवर जातं, तिथून घंटेच्या बटणावर. मग प्रशिक्षक झाकण कात्रीने थोडं थोडं कापत जातो. रुपयाएवढं होतं, टिकलीएवढं होतं, आणि कुत्र्याच्या नकळत झाकण संपून बटण उरतं. शिकवल्याची खूण न ठेवता शिकवणं याहून सफाईने मी तरी पाहिलेलं नाही.

यात एक मेख आहे. धपकन पलंगावर अंग टाकणं ही पंधराव्या वर्षाची जन्मजात सवय. प्रत्येक धपकीला घंटा वाजू लागली तर आई चौथ्या दिवशी उठायची थांबेल. म्हणून आळसाने पडणं कोणतं आणि कोसळणं कोणतं, हा फरक कुत्र्याला घोटून घोटून शिकावा लागतो, आणि तो त्या एकाच मुलीच्या अंगाच्या भाषेत. त्यामुळे प्रशिक्षण केंद्रातून घरी आल्यावर दोघांची उजळणी पुन्हा सुरू होते. कुत्रा इथे थोडाफार भाष्यकारच होतो.

मग तो काय करतो? बघणाऱ्याला वाटेल, फार काही नाही. घंटा वाजवतो, परत येतो आणि पाठीला पाठ लावून पडून राहतो. छातीवर चढत नाही, हात धरून ठेवत नाही. फिट चालू असताना माणसाला दाबून धरू नये, तोंडात काही घालू नये, जमेल तेव्हा कुशीवर वळवावं, पाच मिनिटांवर गेली तर रुग्णवाहिका बोलवावी, असं डॉक्टर सांगतात. जमलेली माणसं नेमकी उलटं वागतात : चार जण हात धरतात, पाचवा दातांत चमचा घालायला बघतो. कुत्रा मात्र शेजारी पडून असतो. शुद्ध येताना डोकं गोंधळलेलं असतं, आपण कुठे आहोत हे उमजत नाही. तेव्हा हाताला पहिल्यांदा लागते ती ओळखीची लव. काय करायचं नाही हे इतकं पक्कं ठाऊक असलेला मदतनीस विरळा.

लोकांना कौतुक असतं ते मात्र भाकिताचं : कुत्रा म्हणे वासावरून फिट आधीच ओळखतो. आपल्याकडे फिट आली की कोणीतरी धावत जाऊन कांदा फोडतो, नाहीतर चप्पल नाकाशी धरतो. उपयोग शून्य. या आजाराचं वासाशी नातं असलंच तर ते उलटं आहे : हुंगायचं रुग्णाने नव्हे, कुत्र्याने. २०१९ साली फ्रान्समधल्या रेनच्या संशोधकांनी इंडियानापोलिसच्या पाच शिकवलेल्या कुत्र्यांपुढे डबे मांडले. एकात फिटच्या वेळचा श्वास आणि घाम, बाकीच्यांत एरवीचा. तीन कुत्र्यांनी फिटचा डबा दर वेळी अचूक काढला, उरलेल्या दोघांनी तीनांतून दोनदा. पण हा वास फिट आल्यावरचा, आधीचा नव्हे. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या 'सपोर्ट डॉग्ज' संस्थेच्या कुत्र्यांबद्दल १९९९ साली छापून आलं की ते पंधरा ते पंचेचाळीस मिनिटं आधी इशारा देतात. पण असे कुत्रे बाळगणाऱ्या ज्या काही जणांना २००७ मध्ये मेंदूतज्ज्ञांनी तपासलं, त्यांच्यातल्या काहींचे झटके मुळात अपस्माराचे नव्हतेच, असं निघालं. भाकीत हुकमी शिकवता येईल का, हा वाद चालू राहो. फिट आल्यावर काय करायचं ते शिकवता येतं, आणि माझी दाद त्या शिकवलेल्या हातोटीला आहे.

शाळेचं फार सांगत नाही. बाकाखाली अंगाची घडी करून पडणं, शेजारच्याच्या डब्यातून पडलेल्या सँडविचकडे न बघणं, कामाचं जाकीट उतरलं की मैदानावर वेड्यासारखं धावणं. शाळेबाहेरचं म्हणाल, तर अमेरिकन कायद्यात दुकानदाराला दोनच प्रश्न विचारता येतात : कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलं आहे. कागद मागता येत नाहीत, 'करून दाखव' म्हणता येत नाही. कामाचं नाव घेतलं की पुरे, हे मला आवडलं.

पण हा सगळा खटाटोप ज्यासाठी, ती गोष्ट घरातच आहे. फिट येणाऱ्या मुलीला एकटं सोडत नाहीत. न्हाणीघराबाहेर आई, रात्री शेजारी आई, मैत्रिणीशी फोनवर बोलताना आई दाराशी. कुत्रा आला की आई स्वयंपाकघरात राहू शकते. घरात एक तह होतो : दार लोटायचं, कडी लावायची नाही. आतल्या मुठीला एक जाड दोरी बांधतात, म्हणजे कुत्र्याला ती दातांत धरून दार ओढता येतं. सराव रोजचा असतो. दोरी झिजते, आणि अधूनमधून नवी बांधावी लागते.