बटणावरची चिकटपट्टी

घर ‘स्मार्ट’ करण्याचा छंद असलेल्यांकडे गेलात तर एक गोष्ट बऱ्याचदा दिसते: भिंतीवरच्या दिव्याच्या बटणावर लावलेली चिकटपट्टी. अर्थ एकच, ‘याला हात लावू नका’. आमच्या बॉस्टनच्या भाड्याच्या घरातही ती होती, मीच लावलेली. या छंदाची परीक्षा फोनवरच्या देखण्या आलेखांवरून न करता या चिकटपट्टीवरून करावी, असं आता मला वाटतं.

चिकटपट्टीमागचं कारण साधं आहे. स्मार्ट बल्बमधल्या रेडिओला सतत वीज लागते. भिंतीवरचं बटण बंद केलं की तो नुसता काचेचा गोळा. झिगबी पद्धतीचे बल्ब तर शेजारच्या उपकरणांचे निरोपही पुढे पोचवतात. त्यामुळे पॅसेजमधलं बटण बंद केल्यावर स्वयंपाकघरातला सेन्सर गप्प होऊ शकतो. म्हणून घरातलं सगळ्यात सोपं, न शिकवता येणारं साधन आपण निषिद्ध ठरवतो.

मी ‘होम असिस्टंट’ वापरते. पौलुस स्खाउत्सेन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर घरातल्याच छोट्या संगणकावर चालतं. याचं मोल कमी लेखू नये. ‘रिव्हॉल्व्ह’ नावाचा, ३०० डॉलर्सला विकला गेलेला हब २०१६ मध्ये कंपनीने सेवा बंद करताच निकामी झाला. आपल्या घरातला दिवा दुसऱ्याच्या सर्व्हरवर अवलंबून नसावा, हा आग्रह रास्तच आहे.

पण कंपनीच्या हातून सुटलेली सत्ता घरात कोणाकडे येते? सॉफ्टवेअरच ते सांगतं: पहिलं खातं उघडणारा ‘ओनर’, मग ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’, बाकीचे ‘यूजर’. दर महिन्याला नवी आवृत्ती येते, सोबत काय काय मोडू शकेल याची यादी येते. ती यादी घरात एकच माणूस वाचतो. परिणाम मात्र सगळे भोगतात. या मंडळींमध्ये ‘वाइफ अ‍ॅक्सेप्टन्स फॅक्टर’ असा एक शब्द रूढ आहे: बायको किती खपवून घेईल याचं माप. आमच्याकडे खपवून घेणारा नवरा आहे, पण शब्दातली गोम तीच. घरातल्या माणसाने खपवून घ्यायचं असतं, ठरवायचं नसतं.

गेल्या डिसेंबरात आई आली होती. आदल्या रात्री मी सेन्सरचं नाव बदललं आणि दिवा लावण्याच्या नियमात जुनंच नाव राहू दिलं. दुसऱ्या दिवशी साडेचारलाच अंधारलं. मी सहाला घरी आले तर आई काळोखात सोफ्यावर बसलेली. बटण एकदा बंद करून पुन्हा चालू केलं असतं तरी तो बल्ब लागला असता. पण त्यावर माझी चिकटपट्टी होती, आणि आईने ती पाळली होती.

“अगं, तिन्हीसांजेला दिवा लावायचा तर तुला ऑफिसात फोन करायचा का?” एवढंच म्हणाली.

प्रयोगशाळेत सामाईक उपकरणाच्या सेटिंगला हात लावायचा तर मी वहीत नोंद करते, इतरांना आधी सांगते. दुसऱ्याचा प्रयोग चालू असताना तर हातच लावत नाही. घरात मात्र यातली एकही रीत मी पाळत नव्हते. घरातल्यांचं रोजचं जगणं हा माझा चाचणीचा ओटा झाला होता.

उपाय आहेत, आणि ते फार नवेही नाहीत. झिगबीचं बटण थेट बल्बशी जोडता येतं. मग मधला संगणक बंद असला तरी दिवा लागतो. बटणामागे रिले बसवता येतो, पण त्याला बऱ्याचदा न्यूट्रल वायर लागते, जी जुन्या घरांत नसते, आणि भाड्याच्या घरात मालकाची परवानगी हवी. तेही जमत नसेल तर साधा बल्ब लावावा. कसोटी एकच: संगणकाचा प्लग काढून पाहुण्याला घरात सोडा. त्याला न विचारता दिवा लावता आला, तर पुढची करामत खुशाल करा.

मी तीन बल्ब साधे केले, दोन बटणं थेट जोडली, चिकटपट्ट्या काढल्या. सुट्टीच्या दिवसाशिवाय नवी आवृत्ती चढवत नाही, आणि आदल्या दिवशी घरात सांगते. रात्री पॅसेजमध्ये पाऊल पडताच मंद उजेड देणारा दिवा तेवढा ठेवला. रात्री दोनला उठणाऱ्या आईला तो आवडला होता. त्याच्याही शेजारी आता एक बटण आहे.