‘द’ कुठे लावायचा, हे स्ट्रंक सांगत नाही

इंग्रजीची असाइनमेंट बरी लिहायची तर काय वाचू, असं विचारलं की ‘द एलिमेंट्स ऑफ स्टाइल’ हे नाव हमखास पुढे येतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या विल्यम स्ट्रंक यांनी १९१८मध्ये ते आपल्या वर्गापुरतं छापून घेतलं. त्यांचा विद्यार्थी ई. बी. व्हाइट पुढे नामवंत लेखक झाला आणि १९५९मध्ये त्याने भर घालून ते पुन्हा आणलं.

पुस्तक चिमुकलं आहे, एका बैठकीत संपतं. परिच्छेदाबद्दलचा भाग मला आजही आवडतो. एका परिच्छेदात एकच मुद्दा, आणि मोघम काही नको. ‘निसर्ग सुंदर आहे’ लिहिण्यापेक्षा कुठलं झाड, कुठला महिना ते लिहा. हे मराठी निबंधालाही लागू पडतं.

कर्मणी प्रयोगाचा भाग मात्र पुस्तकाची पत घालवतो. भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी २००९मध्ये दाखवून दिलं, की तिथल्या चार उदाहरणांपैकी तिघांत कर्मणी प्रयोगच नाही. अशा शिकवणीने मुलं ‘वॉज’ दिसला की खोडायला लागतात. पण रसायनशास्त्राच्या जर्नलमध्ये ‘द सोल्युशन वॉज हीटेड’ हेच वाक्य चोख आहे. द्रावण कोणी तापवलं, याच्याशी कोणाला काय देणंघेणं?

माझी खरी तक्रार वेगळी आहे. हे पुस्तक ज्यांना घरातच इंग्रजी मिळालं, त्यांच्यासाठी लिहिलेलं आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीचं घोडं अडतं ते ‘अ’ आणि ‘द’पाशी, कारण मराठीत आर्टिकल नाही. विद्यार्थी ‘गोज टू स्कूल’, पण त्याचे वडील फी भरायला ‘गो टू द स्कूल’. इमारत तीच, जाण्याचं कारण वेगळं. यावर स्ट्रंक गप्प, कारण त्यांच्या वर्गात हा प्रश्न कोणाला पडणार?

फालतू शब्द गाळा, हा त्यांचा लाडका नियम. आपल्याकडे ‘किमान इतके शब्द’ अशी अट असते, आणि भरलेली पानं पाहून गुण देणारेही असतात. तिथे शब्द गाळणारी मुलगीच तोट्यात जाते. मग ‘इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड’ने सुरुवात करणाऱ्याला हसायचं कोणत्या तोंडाने? (ते वाक्य मला सोसवत नाही, ही गोष्ट वेगळी.)

गंमत म्हणजे आर्टिकल शिकायला व्हाइटचंच दुसरं पुस्तक जास्त कामाला येतं : ‘शार्लट्स वेब’, १९५२ची मुलांसाठीची कादंबरी. तिचं कुठलंही पान उघडा. प्रत्येक नामाआधी ‘अ’ आहे, ‘द’ आहे की काहीच नाही, ते पेन्सिलीने टिपा. पहिल्यांदा भेटलेली वस्तू आणि ओळखीची झालेली वस्तू यांतला फरक पाच-सहा पानांत दिसू लागतो. मग आपली असाइनमेंट शेजारी ठेवा आणि तीच पेन्सिल तिच्यावर चालवा.