पाच रुपये बारा आणे

'टारझन: द वंडर कार' (२००४) आपल्यातल्या अनेकांनी टीव्हीवर तुकड्यातुकड्यांत पाहिलाय. भंगारात पडलेली वडिलांची गाडी मुलाला सापडते, करतारसिंगच्या (अमरीश पुरी) गॅरेजच्या आसऱ्याने तो ती नवी करतो आणि मग गाडीत शिरलेला वडिलांचा आत्मा खुन्यांचा सूड घेतो. माझी तक्रार भुताबद्दल नाही. भूत चालेल. पण गाडी उभी राहिली कशी, यात अब्बास-मस्तानना रसच नाही. त्यांना सूडाची घाई झालेली असते.

घाटकोपरहून पुढे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एकदा चालून बघा. सुटे दरवाजे, बंपर, उघडी इंजिनं. जुनी गाडी उभी करायची म्हणजे गंजलेला पत्रा कापायचा, नवा जोडायचा, लांबी भरायची, घासायची, परत भरायची. बुश मिळालं नाही तर लेथवर कातून घ्यायचं. त्यातही निम्मा वेळ पार्ट शोधण्यातच जातो.

याच कुर्ल्यात वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने क्रायस्लरशी करार करून डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या होत्या. 'टारझन' पाहताना जो हमखास आठवतो, त्या जॉन कारपेंटरच्या 'क्रिस्टीन'मधली (१९८३) झपाटलेली लाल गाडीही प्लिमथच, १९५८ची फ्युरी. ती स्वतःच स्वतःला दुरुस्त करते. चेपलेला पत्रा आपोआप सरळ होतो. कुणाचाही हात न लागता गाडी नवी होते, म्हणूनच तर अंगावर काटा येतो. आपल्याकडे मात्र हात न दाखवणं ही दिग्दर्शकाची निव्वळ सोय.

आणि नेमका १९५८चाच 'चलती का नाम गाडी'. पावसाळी रात्री मधुबालाची गाडी बंद पडते, किशोर कुमार ती दुरुस्त करतो, बाई पैसे न देताच जातात. बाकी पाच रुपये बारा आणे. (नवे पैसे १९५७ सालीच आले होते, पण गॅरेजचा हिशोब आण्यांतच!) नायक नायिकेच्या मागे लागतो तो आधी या वसुलीसाठी, प्रेम नंतर. सत्येन बोस यांच्या या धमाल सिनेमात मला सगळ्यात खरी वाटते ती ही उधारी. मेकॅनिकच्या वेळेला भाव आहे, आणि तो आण्यापर्यंत मोजलेला आहे.

'टारझन'मधल्या गाडीचा पत्रा कुणी ठोकला, त्याला किती मिळाले? सिनेमात सूड घेणारं एक भूत आहे, बिल मागणारं कुणीच नाही.